किती ते किती?

आज एवढंच करू: आपल्या कामाच्या वेळा इटालियनमध्ये सांगू. इटालियन येत नसलं तरी अडत नाही, लागतील ती पाच-सहा वाक्यं पुढे येतीलच. एकेक वाक्य वाचायचं, हलक्या आवाजात म्हणायचं आणि लगेच पुढे न जाता थोडा वेळ त्याच वाक्यापाशी बसायचं. उच्चार चुकला तर चुकू दे. वाक्य आपल्या बाबतीत खरं आहे का, एवढंच तपासायचं.

परळ, लालबाग, नायगावात नवी ओळख झाली की दुसरा-तिसरा प्रश्न अजूनही हाच येतो: ड्युटी किती ते किती? गिरण्या चालू होत्या तेव्हा तो याहून आखूड होता. कुठली पाळी? उत्तर एका शब्दाचं. पहिली, दुसरी, नाहीतर रात्रपाळी. तेवढ्यावरून विचारणाऱ्याला कळायचं की हा माणूस जेवतो कधी, झोपतो कधी, मुलांची आणि त्याची गाठ कधी पडते, आणि सत्यनारायणाच्या प्रसादाला त्याला किती वाजता हाक मारायची. आज तोच प्रश्न विचारला तर उत्तराला फाटे फुटतात. तसं दहा ते सात आहे, पण निघायला नऊ होतात, सध्या जरा काम जास्त आहे, पुढच्या महिन्यात बघू. आपल्या भाषेत आपण इतके सराईत असतो की बोलता बोलता खरं उत्तर टाळून जातो, आणि टाळलं हे आपल्या लक्षातही येत नाही.

नव्या भाषेत हे जमत नाही. मी इटालियन शिकते आहे. माझ्यासारख्या नवशिक्यापाशी एक ते चोवीस आकडे असतात, 'पासून' आणि 'पर्यंत' असतं, आणि रोजची दहा-पंधरा क्रियापदं असतात. युरोपातली कुठलीही भाषा घ्या, ए-वन म्हणजे अगदी पहिल्या पातळीवर 'माझा दिवस' हा धडा असतोच. बहुतेक जण तो आकडे घोकण्यापुरता वापरतात आणि पुढे जातात. मला वाटतं, तिथे थांबायला हवं. सबबी सांगायला लागणारे शब्द अजून शिकवलेले नसतात. मग जे सांगता येतं तो आपला खरा दिवस असतो.

तर पहिलं वाक्य. मि आल्त्सो आल्ले सेइ. मी सहाला उठते. तुमचे पाच असतील तर चिंक्वे म्हणा, सात असतील तर सेत्ते. दोनदा म्हणा.

आता आठवा, आज सकाळी कशाने उठलात? मोबाइलने, पाणी सोडल्याच्या आवाजाने, मुलाच्या रडण्याने, की नुसतीच जाग आली? आणि ती वेळ ठरवली कुणी?

गिरणगावात उठवायचं काम भोंगा करायचा. तो एकदा वाजून थांबत नसे. आधी जागं करायला, मग निघायची आठवण द्यायला. प्रत्येक गिरणीचा सूर वेगळा. घरातल्या बाईला अर्धवट झोपेतही कळायचं की हा आपला की पलीकडच्या गिरणीचा. गिरणीशी संबंध नसलेली माणसंही त्याच आवाजावर चालत. कुणी दुधाला बाहेर पडे, कुणी शाळेच्या मुलांना हलवून उठवी. त्यामुळे 'मी पाचला उठतो' हे वाक्य तिथे एकट्याचं नव्हतंच. सगळी चाळ पाचला उठायची.

आणि घड्याळ कुणाचं, यावरून इथे एकदा चांगलंच पेटलं होतं. मुंबईची स्वतःची वेळ होती, इथल्या सूर्याच्या हिशेबाने लावलेली. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे. गिरणीचं घड्याळ पुढे सरकवलं म्हणजे कामगाराने तेवढी मिनिटं आधी उठायचं, ऐन जानेवारीच्या अंधारात. त्याच महिन्यात जेकब ससून मिलच्या कामगारांनी या नव्या वेळेविरुद्ध काम थांबवलं. शहरातल्या शिकलेल्या लोकांनीही सभा घेतल्या, अर्ज केले, आणि महापालिकेची घड्याळं तर पुढे कित्येक वर्षं मुंबईचीच वेळ दाखवत राहिली. सभा घेणाऱ्यांसाठी तो शहराच्या मानाचा प्रश्न होता. कामगारासाठी तो झोपेचा होता, आणि मला त्याचं म्हणणं जास्त पटतं.

पुन्हा म्हणा: मि आल्त्सो आल्ले सेइ. आकडा म्हणताना या वेळी घाई करू नका. त्या आकड्यामागे कोण उभं आहे ते डोळ्यांसमोर येऊ द्या. लोकलची वेळ असेल, मुलाची शाळा असेल, साहेब असेल. काही वेळा म्हातारी आई असते, जिला सहाला चहा लागतो.

दुसरं वाक्य मोठं आहे आणि आपल्याला सर्वांत जास्त वेळ इथेच बसायचं आहे. लावोरो दाल्ले नोवे आल्ले सेइ. मी नऊपासून सहापर्यंत काम करते. दाल्ले म्हणजे पासून, आल्ले म्हणजे पर्यंत.

स्वतःच्या वेळा घालण्याआधी गिरणीच्या घालून बघू. पहिली पाळी सकाळी सात ते दुपारी साडेतीन: दाल्ले सेत्ते आल्ले त्रे ए मेद्झा. दुसरी साडेतीन ते रात्री बारा: दाल्ले त्रे ए मेद्झा आ मेद्झानोत्ते. तिसरी बारा ते सकाळी सात: दा मेद्झानोत्ते आल्ले सेत्ते. तिन्ही ओळीने म्हणा. जीभ अडखळली तर पुन्हा म्हणा. म्हणताना कानांना कळेल की एका ओळीचा शेवटचा आकडा तोच पुढच्या ओळीचा पहिला आहे, आणि तिसरी संपते तिथे पहिली परत सुरू होते.

आता एक खोली मनात आणा. लालबागची असू दे, नाहीतर डिलाईल रोडची. दहा बाय बाराची. कोपऱ्यात मोरी, भिंतीला लागून एकावर एक पत्र्याच्या ट्रंका, त्यांवर वळकट्या, वर दोरीला सदरे आणि टॉवेल. एका गावच्या लोकांनी मिळून घेतलेली खोली. गाव कोकणातलं असेल, नाहीतर साताऱ्या-कोल्हापूरकडचं. बायकामुलं गावाला. खोलीच्या नावावर दहा-पंधरा माणसं, पण एका वेळी सगळी आत कधीच नसतात. असती तर पाय ठेवायला जागा उरली नसती. पाचच्या सुमाराला पहिल्या पाळीचे उठतात, नळावर नंबर लावतात, वळकटी गुंडाळून ट्रंकेवर टाकतात. सात वाजून गेल्यावर रात्रपाळीचा माणूस येतो. केसांत, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाची तूस. तो मोरीत बसून अंग धुतो, चहा घेतो आणि मघाशी मोकळ्या झालेल्या त्याच जमिनीवर स्वतःची वळकटी पसरतो. दार बंद करता येत नाही, कारण दुसऱ्या पाळीचे अजून जागे आहेत, जेवायचे आहेत. तो डोळ्यांवर फडकं घेतो. बाहेर भाजीवाला ओरडतो, मुलं जिन्यात धावतात. झोप लागते. साडेतीनला गिरणी सुटते आणि रस्ता माणसांनी भरून जातो. बारा वाजता पुन्हा एकदा पावलं वाजतात, दार हळूच लोटलं जातं, झोपलेल्यांच्या पायांमधून वाट काढत कुणीतरी अंधारातच सदरा दोरीवर टाकतो.

या खोलीत थोडा वेळ बसा. तिथल्या एकेका माणसाच्या वतीने त्याचं वाक्य म्हणा. पहिल्याचं 'पर्यंत' हेच दुसऱ्याचं 'पासून' आहे. साडेतीनला माग थांबत नसे, त्याच्यापुढचा माणूस बदलत असे. जमीन तीच, वळकटी वेगळी. इतकं एकमेकांत गुंतलेलं वेळापत्रक एकट्याच्या तोंडी पूर्ण होतच नाही.

आता स्वतःकडे या. तुमचं काम जिथे थांबतं तिथे दुसऱ्या कुणाचं सुरू होतं का? परळला हे आजही दिसतं. केईएम १९२६ सालापासून आणि टाटा हॉस्पिटल १९४१ सालापासून अहोरात्र चालू आहे. तिथली नर्स निघताना खाटेशेजारी उभी राहून पुढच्या नर्सला पेशंटची हकिकत सांगते: ताप किती, सलाइन कधी लावलं, लघवी किती झाली. मगच ती पर्स खांद्याला लावते. तुमच्या ऑफिसात खुर्ची रात्रभर रिकामी असेल. पण तुम्ही निघालात की झाडूवाल्या मावशी येतात, आणि तुम्ही उशिरा निघालात की त्यांची गाडी चुकते. हे लक्षात घेऊन वाक्य म्हणा. लावोरो दाल्ले… पुढचे दोन आकडे तुमचे.

काही माणसं इथे अडतील. त्यांचं अडणं खरं आहे, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा शब्द घेऊ: दिपेन्दे. सांगता येत नाही, प्रसंगावर आहे.

गिरणीत बदली कामगार असत. कायम माणसाने खाडा केला, आजारी पडला, लावणीला गावी गेला, तर त्याच्या जागी काम. १९३५ सालापासून बदलीला कार्ड मिळू लागलं. महिन्याच्या एक तारखेला कार्ड, आणि मग रोज सकाळी गेटवर हजर राहायचं. जागा असेल तर आत, नसेल तर परत. काही जण वर्षानुवर्षं असेच उभे राहिले. त्याला कुणी विचारलं, दादा, ड्युटी किती ते किती, तर तो काय सांगणार? त्याला पासूनही नाही आणि पर्यंतही नाही. पण नुसतं 'सांगता येत नाही' म्हणणंही त्याच्यावर अन्याय आहे. सकाळी सातच्या आधी गेटवर उभं राहणं ही त्याची पक्की ड्युटी होती. तिचे पैसे मिळत नव्हते, इतकंच.

दादरला स्टेशनबाहेर, हिंदमाताच्या सिग्नलला गाडीवर बसून मोबाइलकडे बघत ऑर्डरची वाट पाहणारी मुलं रोज दिसतात. त्यांना विचारा. तेही म्हणतील, तसं काही फिक्स नाही. त्यांच्याकडून एकदा पूर्ण वाक्य काढून घ्या: घरून कितीला निघालास, घरी कितीला पोचणार? ते ऐका. तुम्ही स्वतः त्यांच्यापैकी असाल तर दिपेन्दे म्हणून सोडून देऊ नका. गेटवर उभं राहिलेला वेळही आपल्या वाक्यात धरा.

आणि मग खानावळवाली. मघाच्या खोलीतली सगळी माणसं जिच्याकडे जेवायची तिचं वाक्य अजून कुणी म्हटलंच नाही. पहिल्या पाळीवाल्याला डबा पहाटे तयार हवा. रात्रपाळीचा सकाळी येतो, दुसऱ्या पाळीचा दुपारी निघण्याआधी जेवतो आणि मध्यरात्री झाकून ठेवलेलं उघडतो. पहिल्याचं रात्रीचं जेवण वेगळंच. तिच्या घरात स्टोव्ह जवळपास विझत नाही. मध्ये बाजार, निवडणं, पाट्यावर वाटण, ढीगभर भांडी आणि पगार होईपर्यंतची उधारी. तिच्या वतीने वाक्य सुरू करा: लावोरो दाल्ले क्वात्त्रो, मी चारपासून काम करते. आता आल्ले म्हणा आणि पुढचा आकडा शोधा.

सापडत नाही ना? मला तो अजून सापडलेला नाही.

कायद्याने गिरणीतल्या बायकांचे तास १८९१ सालीच अकरावर बांधले होते. गिरणीबाहेर त्याच गिरणीच्या पाळ्यांना जेवू घालणाऱ्या बाईचे तास कुणी मोजले नाहीत, कारण तिचं काम कुठल्याच मस्टरवर नव्हतं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, सावकाराच्या हातून सोडवलं. त्या कामाचं मोठेपण मला इथे दिसतं: ज्या श्रमाला आधी कुणी काम म्हणत नव्हतं त्याला काम म्हटलं गेलं. गिरणगावाचा इतिहास सांगताना संपांची नावं पटापट येतात. हे नाव त्यांच्या बरोबरीने यायला हवं.

तुमच्या घरात असं वाक्य कुणाचं आहे, ज्याला 'पर्यंत' नाही? उत्तर बहुधा लगेच सुचेल. त्या व्यक्तीची वेळ तुम्ही आजवर कधी विचारली आहे का, इतकंच बघा, आणि पुढच्या वाक्याकडे जाऊ.

ते छोटं आहे. पाउझा आल्ल'ऊना. एकला सुट्टी, जेवणाची. मध्यरात्र आणि दुपारचे बारा सोडले, तर बाकी सगळ्या वेळा इटालियनमध्ये अनेकवचनी असतात, एक वाजण्याची तेवढी एकवचनी. जेवता तेव्हा फक्त जेवता का, हे स्वतःला विचारा. ही अर्ध्या तासाची सुट्टीसुद्धा इथे कुणीतरी मागून घेतलेली आहे. ती कुणी मागितली ते पुढच्या वाक्यात येतं.

ला दोमेनिका नोन लावोरो. रविवारी मी काम करत नाही. आधी 'ला' आहे, त्याने अर्थ 'दर रविवारी' असा होतो. 'ला' काढून टाकला तर तो नुसता येता रविवार. इटालियन शिकवणारे हा फरक पुन्हा पुन्हा घोकून घेतात, आणि परळमध्ये बसून तो घोकताना नारायण मेघाजी लोखंडे आठवल्याशिवाय राहत नाहीत.

१८५६ साली ताडदेवला कावसजी नानाभाई दावरांची पहिली गिरणी चालू झाली. त्यानंतर कितीतरी वर्षं कामाची वेळ होती सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून काम जास्त. ठरलेली साप्ताहिक सुट्टी नाही. सणावारी गिरणी बंद राहायची, आणि यंत्रं पुसायला म्हणून मध्येच थांबायची. लोखंडे स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होते, जोतीराव फुल्यांचे सहकारी होते, 'दीनबंधु'चे संपादक होते. २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळच्या सुपारीबागेत त्यांनी कामगारांची सभा भरवली. साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या काय होत्या, त्या सावकाश वाचा. दर रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत व्हावा. कामावर जखमी झालेल्याला बरं होईपर्यंत पगार मिळावा.

यातल्या पहिल्या तीन मागण्या म्हणजे आज आपण म्हणत असलेली वाक्यंच आहेत. किती ते किती, जेवायला कधी, सुट्टी कधी. ती म्हणता यावीत म्हणून साडेपाच हजार माणसांनी सह्या केल्या. रविवारच कशाला, असं विचारणाऱ्यांना लोखंड्यांचं उत्तर होतं की हा आमच्या खंडोबाचा वार आहे. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार बायाही बोलायला उभ्या राहिल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

म्हणा, ला दोमेनिका नोन लावोरो. तुमची सुट्टी मंगळवारी असेल तर इल मार्तेदी म्हणा. दादर मार्केटमध्ये फुलं विकत असाल तर रविवार हाच धंद्याचा दिवस. सुट्टी कुठल्याही वारी असू दे, दर आठवड्याला येते का, की फक्त येत्या आठवड्यात आहे? सुट्टीच्या दिवशी फोन आला तर उचलता का? उचलत असाल तर 'नोन' काढून पुन्हा वाक्य म्हणा आणि ते कानांना कसं लागतं ते ऐका.

शेवटचं वाक्य. स्ताक्को आल्ले सेइ. मी सहाला सुटते.

या 'सुटण्या'साठी इटलीत आणि मुंबईत, दोन्हीकडे फार झगडावं लागलं आहे. उत्तर इटलीत व्हेर्चेल्लीच्या भागात भाताची मोठी शेती. तिथे खाचरांतलं तण काढायला बायका येत, मोन्दीने म्हणत त्यांना. गुडघाभर पाण्यात, पाठ वाकवून, ओळीने. कोकणात लावणीला उतरलेल्या कुठल्याही बाईला ते चित्र परकं वाटणार नाही. १९०६ साली त्या बायकांनी संप करून आठ तासांचा दिवस मिळवला. फेब्रुवारी १९१९ मध्ये धातुकाम करणाऱ्या कामगारांनी तो मिळवला आणि १९२३ साली तिथे आठ तासांचा देशभर कायदा झाला. मुंबईत ज्या १९०६ सालच्या जानेवारीत ३९ मिनिटांवरून गेटवर वाद चालला होता, त्याच सालची ही व्हेर्चेल्लीची गोष्ट. तोवर आपल्या गिरण्यांत विजेचे दिवे आले होते, त्यामुळे मावळत्या सूर्याने काम थांबायचीही सोय उरली नव्हती. कायद्याने पुरुषांचा दिवस १९११ साली बारा तासांवर आणला, १९२२ साली अकरावर, १९३४ साली दहावर. १९४८ च्या कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा घातली. मध्ये १९२८ साली सहा महिन्यांचा संप होऊन गेला. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख माणसं बाहेर पडली, आणि त्यानंतर बहुतेकांना पुन्हा कधी पाळी लागली नाही.

गिरण्यांच्या जागी आता फिनिक्ससारखे मॉल आहेत, कमला मिलसारख्या आवारांत कचेऱ्या आहेत. तिथून इटलीशी काम करणाऱ्या माणसाचा दिवस बघा. मिलानमध्ये सकाळी नऊ वाजतात तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे दुपारचा दीड झालेला असतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास पुढे करतात, मग ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत आपले साडेबारा. तिकडचा माणूस सहाला सुटतो तेव्हा इथे रात्रीचे साडेदहा, नाहीतर साडेनऊ. म्हणजे लोअर परळला आजही दुसरी पाळीच चालू आहे, फक्त तिला त्या नावाने कुणी हाक मारत नाही. गिरणीच्या दुसऱ्या पाळीला रात्री बाराला नक्की शेवट होता आणि तो सगळ्या वस्तीला ठाऊक होता. या नव्या पाळीतला माणूस साडेदहाला लॅपटॉप मिटतो आणि लोकलमध्ये फोनवर तेच काम उघडतो. त्याला स्ताक्को आल्ले म्हणून आकडा सांगता येत नाही, आणि कमीपणा वाटतो तो मात्र लवकर सुटण्याचा. हे बदलायला हवं, असं मला मनापासून वाटतं. वेळेवर सुटणं ही ज्यांनी झगडून मिळवलेली गोष्ट आहे त्यांच्या नातवंडांना ते सांगायची लाज वाटू नये.

आता पाचही वाक्यं सलग म्हणा, स्वतःच्या आकड्यांनी. कितीला उठता, किती ते किती काम, जेवायला कधी, सुट्टी कधी, सुटता कधी. प्रत्येक आकड्याला हवा तेवढा वेळ द्या. जिथे आकडा नसेल तिथे रिकामी जागा तशीच राहू द्या, दिपेन्देने भरू नका.

मग हीच वाक्यं घरात म्हणून दाखवा, मराठीत. घरातल्या दुसऱ्याला त्याची, तिची वेळ विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. आणि उद्या ऑफिसला जाताना खाली गेटवर जो वॉचमन बसलेला असतो, त्यालाही एकदा विचारा: दादा, ड्युटी किती ते किती? बहुधा तो म्हणेल, आठ ते आठ. म्हणजे बारा तास, १९११ च्या कायद्याइतके. त्याला साप्ताहिक सुट्टी मिळते का, तेही विचारा, आणि मिळत नसेल तर सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय घ्या.